पुस्तक स्वतः काढताय? छपाईच्या आधी, छपाईत आणि नंतर काय काय करायचं ते सगळं

माझं पहिलं पुस्तक हातात आलं त्या दिवशी मी पान ४१ उघडलं आणि तिथे छापलेलं होतं, "डोंगर आणि दर्या". मी लिहिलं होतं दऱ्या. पुढे 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'शेतकऱ्याला'चं 'शेतकर्याला', 'सुऱ्या'चं 'सुर्या', आणि हे हजारच्या हजार प्रतींत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मराठी शिकवते, वर्गात पोरांच्या वह्यांवर मी हीच चूक लाल पेनाने गोल करते, त्यामुळे त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पुस्तक एका पॅकेजवाल्यांकडून, म्हणजे ठरावीक पैसे घेऊन सगळं पुस्तक काढून देणाऱ्यांकडून, काढलं होतं. फाइल दुरुस्त करून मागितली तेव्हा कळलं की ओपन फाइल (जिच्यात दुरुस्ती करता येते ती मूळ फाइल) मला मिळणारच नाही, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांकही त्यांच्या नावावर आहे, आणि मी सही केलेल्या कागदात हे सगळं लिहिलेलं होतं जे मी नीट वाचलंच नव्हतं.

दुसरं पुस्तक मी पूर्ण स्वतः काढलं. १६० पानं, ३०० प्रती, आणि सव्वा वर्षात संपल्या. तेव्हापासून ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांचे फोन येतात की ताई आम्हालाही काढायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तासभर सांगते, म्हणून आता सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते. हे कथा, कविता, ललित, आठवणी, छोटी कादंबरी असलं पुस्तक डोक्यात ठेवून लिहिलंय, पाठ्यपुस्तकं किंवा स्पर्धा परीक्षेच्या गाइडांचा बाजार वेगळा आहे, त्यातलं मला कळत नाही.

छपाईच्या आधी एक वही करा

सगळे पहिला प्रश्न विचारतात खर्च किती येईल. मी उलट विचारते, घेणार कोण, नावं सांगा. मग लोक गप्प होतात.

साधी शंभर पानी वही घ्या आणि त्यात नाव, गाव, फोन, हे पुस्तक का घेईल, असं लिहायला लागा. नातेवाईक वेगळ्या पानावर, कारण ते फुकट मागणार आणि आपण देणार, त्यात वाईट काही नाही पण ते विक्रीत धरायचं नाही. बाकी कोण? तुम्ही ज्या विषयावर लिहिलंय त्या विषयाची माणसं. माझं पुस्तक शाळेबद्दल होतं म्हणून माझ्या वहीत शिक्षक, केंद्रप्रमुख, माजी विद्यार्थी, त्यांचे पालक, शेजारच्या तीन तालुक्यांतली वाचनालयं. गिर्यारोहणावर लिहिलं असेल तर ट्रेकिंगचे ग्रुप, डॉक्टरी अनुभव असतील तर त्या शहरातले डॉक्टर आणि त्यांचे पेशंट. माझ्या वहीत दोन महिन्यांत १९० नावं झाली आणि म्हणून मी ३०० छापल्या, हजार नाही. पहिल्या वेळी हजार छापल्या होत्या कारण "हजारला रेट चांगला पडतो" असं समोरून सांगितलं गेलं. रेट पडला चांगला, पण विकल्या गेल्या त्या २६०.

वहीत साठ-सत्तरच्या वर नावं जात नसतील तर थांबा असं मी म्हणणार नाही, पण मग ५० किंवा १०० प्रतीच काढा. आता डिजिटल छपाईत तेवढ्याही निघतात.

आणखी एक, हे लोक हमखास चुकवतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक प्रसिद्ध झालेलं नाही त्यांच्या पहिल्या पुस्तकासाठी. मंडळ हस्तलिखितं मागवतं, वाचून निवड होते, मग अनुदान. म्हणजे पुस्तक छापून झालं की तुम्ही त्यातून बाहेर! मी अशीच बाहेर गेले. वेळ लागतो हे खरं, पण तुमचं पहिलंच पुस्तक असेल तर आधी मंडळाची जाहिरात आणि नियम बघा, मग प्रेसवाल्याकडे जा.

संपादन वेगळं, मुद्रितशोधन वेगळं

स्वतः काढलेल्या पुस्तकांना दुकानदार आणि ग्रंथपाल नाक मुरडतात, आणि त्यांचं सगळंच चूक नसतं. प्रकाशकाकडे पुस्तक गेलं की कुणीतरी परकं माणूस ते वाचून म्हणतं की हे तिसरं प्रकरण कशाला, हा शेवट दोन पानं आधीच झालाय. आपल्याकडे हे म्हणणारं कोणी नसतं. म्हणून ते माणूस पैसे देऊन आणायचं. गावात नसेल तर कॉलेजातले मराठीचे प्राध्यापक, निवृत्त उपसंपादक, दिवाळी अंकाचं काम करणारे लोक, यांना विचारा. आधी एकच प्रकरण द्या, ते काय खुणा करून देतात बघा, मग पुढचं ठरवा. माझ्या संपादकांनी २०४ पानांचं हस्तलिखित १६० वर आणलं. मला चार दिवस राग होता, पाचव्या दिवशी वाचलं तेव्हा कळलं की गेलेली पानं मलाच आठवत नाहीयेत.

मुद्रितशोधन म्हणजे मांडणी झाल्यावर प्रूफं, म्हणजे छपाईआधीची नमुना पानं, तपासणं. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरं, पान बदलताना गायब झालेली ओळ. शुद्धलेखनाचे नियम आहेत ते मराठी साहित्य महामंडळाचे, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार, एकूण अठरा, आणि हे नियम पाठ असलेली माणसं अजून आहेत. बोलीत लिहिलं असेल तर मुद्रितशोधकाला आधीच सांगा की "व्हतं", "न्हाई" तसंच ठेवायचं, नाहीतर ते प्रेमाने सगळं प्रमाण करून देतील. निदान दोन प्रूफं कागदावर काढून तपासा. स्क्रीनवर चुका दिसत नाहीत, खरंच नाही दिसत. आणि शेवटचं प्रूफ स्वतः मोठ्याने वाचा.

आता फाँटचं, कारण माझं रक्त इथेच सांडलं

मी मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर सारखी दिसणारी अक्षरपद्धत असते त्यात, टाइप केला होता. डीटीपीवाल्याकडे, म्हणजे पानांची मांडणी करणाऱ्याकडे, जुनं सॉफ्टवेअर, त्यात श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट चालतात, युनिकोड चालत नाही. मग तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढतो. आणि कन्व्हर्ट होताना नेमकं मराठीचं जे खास आहे तेच मरतं. दऱ्या आणि दर्या यातला फरक. आचाऱ्यांना जेवण दिलं की आचार्यांना दिलं, हा फरक मराठीला कळतो, कन्व्हर्टरला कळेलच असं नाही. शिवाय अवतरणचिन्हं उलटी होतात, काही अंक बदलतात.

म्हणून पहिल्याच भेटीत डीटीपीवाल्याला विचारायचं, दादा काम युनिकोडमध्ये करणार ना? इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असतील तर त्यात वर्ल्ड रेडी कंपोझर ही सोय चालू करावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. फुकट आणि रीतसर परवाना असलेले चांगले फाँट आहेत, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता, आयआयटी मुंबईचा शोभिका, तिरो देवनागरी मराठी. यातला मुक्ता शीर्षकांना बरा, सलग मजकुराला मला शोभिका आणि तिरो डोळ्यांना सोपे वाटतात. फाँट निवडताना ल आणि श बघा, ल पाकळीचा आणि श देठाचा, आपल्या सरकारने २००९ च्या जीआरमध्येही हेच रूप धरलंय. बऱ्याच फाँटात आधी हिंदी वळणाचं रूप येतं आणि भाषा मराठी निवडली की आपलं रूप येतं, डीटीपीवाल्याला हे सांगावं लागतं.

तपासायला एक युक्ती. पूर्ण मजकूर हाती देण्याआधी एक पान असं द्या ज्यात फक्त अवघड शब्द आहेत: दऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, शेतकऱ्यांच्या, उद्ध्वस्त, ज्येष्ठ, ब्राह्मण, शृंगार, ॲसिड, ऑफिस, हृदय. ते पान नीट छापून आलं तर पुढे चला.

आणि हे कागदावर लिहून घ्या की काम संपल्यावर ओपन फाइल, वापरलेले फाँट आणि छपाईची पीडीएफ तिन्ही तुम्हाला मिळणार. त्याचे थोडे जास्त पैसे मागितले तर द्या.

हक्क, परवानग्या, आयएसबीएन

कॉपीराइटबद्दल खूप भीती असते लोकांना. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलंत की हक्क तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही. पुढे भांडण झालं तर पुरावा म्हणून नोंदणीचा उपयोग होतो, साहित्यकृतीला फी ५०० रुपये आहे आणि ऑनलाइन अर्ज करता येतो. मी केली नाही पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी केली, झोप बरी लागते एवढंच.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. प्रकरणाच्या सुरुवातीला दुसऱ्याच्या कवितेच्या चार ओळी टाकायची आपल्याकडे फार हौस आहे. कवी जाऊन ६० वर्षं झाली नसतील तर वारसांची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्या. हिशेब ज्या वर्षी निधन झालं ते वर्ष संपल्यापासून धरायचा. सिनेमाच्या गाण्यांना तर हात लावूच नका. मुखपृष्ठाला गूगलवरून उचललेला फोटो नको, चित्रकाराला पैसे द्या आणि एका ओळीची पावती घ्या की हे चित्र या पुस्तकाच्या छापील, ई-बुक आणि जाहिरातीसाठी वापरायची परवानगी आहे. आठवणींचं पुस्तक असेल तर जिवंत माणसांची नावं बदला, विशेषतः गावातली.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. हे मी दोनदा लिहिते, फुकट मिळतो. शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी आहे, त्यांच्या पोर्टलवर लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, ओळखीचा पुरावा आणि पुस्तकाची माहिती लागते. कोणी आयएसबीएनचे दोन-तीन हजार लावत असेल तर तो फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतोय, आणि बऱ्याचदा नंबर स्वतःच्या नावावर घेतोय, म्हणजे जगाच्या नोंदीत प्रकाशक तोच. नंबर यायला वेळ लागतो म्हणून मुखपृष्ठाचं काम सुरू होताच अर्ज टाका. पेपरबॅकला एक, पुठ्ठा बांधणीला वेगळा, ई-बुकला वेगळा असा हिशेब असतो.

पॅकेज घ्यावं का

सरसकट नको असं मी म्हणत नाही. ज्यांना धावपळ शक्य नाही, आजारपण आहे, परदेशात आहेत, त्यांना चांगलं पॅकेज सोयीचं पडतं, आणि मागणी तशी छपाई करणाऱ्या पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेससारख्या सेवा आहेत जिथे प्रतींचा साठा घरात ठेवायची गरज नाही. पण सही करायच्या आधी हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरंही लेखीच घ्या. आयएसबीएन कुणाच्या नावावर? ओपन फाइल मिळणार का? नक्की किती प्रती छापणार, छापल्याचं प्रेसचं बिल दाखवणार का? किंमत कोण ठरवणार? मला माझ्याच प्रती हव्या असतील तर काय दराने? विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी? आणि करार मोडायचा झाला तर?

करारात "हक्क हस्तांतरित" किंवा "सर्व माध्यमांतील हक्क" असे शब्द दिसले की थांबा. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, कायद्याचं कलम १९ आहे, त्यात असंही आहे की मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. तुम्ही पैसे देऊन पुस्तक काढून घेताय, मग हक्क त्यांना देण्याचं कारणच काय! ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, हे तुमच्याकडेच राहू द्या. आणि "तुमच्या पुस्तकाला बेस्टसेलर करू", "पुरस्कार मिळवून देऊ" असं फोनवर कुणी म्हणालं तर तेही ईमेलवर लिहून मागा. मी नंतर एका ठिकाणी असं मागितलं, परत फोन आला नाही.

छपाई: आकार, कागद, फर्मा

आपल्याकडचा नेहमीचा आकार डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. कथा, कविता, ललित सगळ्याला चालतो, दुकानाच्या फळीवर बसतो. चित्रं जास्त असतील, मुलांचं पुस्तक असेल तर क्राउन बघा.

कागद ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) नॅचरल शेड घ्या, थोडा पिवळसर असतो, डोळ्यांना त्रास होत नाही. पांढराशुभ्र मॅपलिथो स्वस्त वाटतो पण एका बाजूचं दुसऱ्या बाजूला दिसतं का ते नमुना घेऊन उजेडात धरून बघा. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, त्यावर मॅट किंवा ग्लॉस लॅमिनेशन. मॅट दिसतं सुंदर पण गडद रंगावर बोटांचे डाग आणि ओरखडे उठतात, दहा दुकानं फिरून आलेली प्रत जुनी दिसते. ग्लॉस दणकट.

ऑफसेटमध्ये पानं फर्म्याने मोजतात, एक फर्मा म्हणजे १६ पानं. तुमचं पुस्तक १६३ पानांचं झालं तर खर्च १७६ चा, म्हणून संपादन करतानाच तीन पानं काढा आणि १६० वर आणा. डिजिटलला एवढं बंधन नाही. ऑफसेटला प्लेटचा खर्च आधीच लागतो, तो ५०० किंवा हजार प्रतींवर वाटला गेला तर परवडतो, ३०० पर्यंत मी डिजिटलच सांगेन. दोन्हीचं कोटेशन घ्या, तीन प्रेसकडून, आणि तिघांना एकच गोष्ट सांगा: पानं, आकार, कागदाचं जीएसएम, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी, प्रती. नाहीतर तुलनाच होत नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौक आणि त्याच्या आसपासच्या पेठांत फिरलात तर प्रेस, बाइंडर, लॅमिनेशनवाले सगळे पायी अंतरावर सापडतात, लांबून आलात तरी एक दिवस तिथे घालवा.

बांधणी बहुतेक परफेक्ट असते म्हणजे कण्याला गोंद. पुस्तक २०० पानांच्या वर असेल किंवा ग्रंथालयांत जायचं असेल तर शिलाई करून मग गोंद, थोडे पैसे जास्त जातात पण पानं सुटत नाहीत. कण्याची जाडी कागद ठरल्यावर प्रेसकडूनच घ्या आणि मग मुखपृष्ठ करा, उलटं केलं तर नाव कण्यावरून घसरून पुढे येतं.

आणि डमी प्रत! पूर्ण छपाईआधी एक प्रत बांधून मागा, दोन दिवस जवळ ठेवा, दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. श्रेयाचं पान विसरू नका, पहिली आवृत्ती, वर्ष, हक्क कुणाचे, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावं-पत्ते, मुखपृष्ठ कुणाचं, आयएसबीएन, किंमत. मुद्रक-प्रकाशकाचं नाव पुढे पोस्टातही कामाला येतं, ते सांगते खाली.

किंमत ठरवताना रडू येतं पण गणित कराच

समजा ३०० प्रती, छपाई प्रतीला ९५ रुपये, म्हणजे २८,५००. संपादन, मांडणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून २०,०००. एकूण ४८,५००, म्हणजे प्रतीला जवळजवळ १६२ रुपये. आता २५० किंमत ठेवली. थेट वाचकाने घेतलं आणि टपाल त्याने दिलं तर तुम्हाला ८८ सुटतात. दुकानाने ३५ टक्के कमिशन घेतलं तर हातात येतात १६२ रुपये ५० पैसे, म्हणजे खर्च निघाला, बस. वितरकामार्फत गेलात आणि त्याने ५० टक्के मागितले तर १२५ येतात, प्रत्येक प्रतीमागे ३७ रुपये तुमच्या खिशातून. आणि यात समीक्षेला, पुरस्कारांना, पाहुण्यांना दिलेल्या फुकट प्रती धरलेल्याच नाहीत, त्या तीस तरी जातात.

म्हणून एवढ्या छोट्या आवृत्तीत वितरक परवडत नाही, थेट विक्री हाच कणा, आणि म्हणून ती वही. घाबरून किंमत १५० ठेवू नका. ज्याला घ्यायचंय तो २५० देतो, ज्याला नाही घ्यायचं तो १५० लाही घेत नाही, मी दोन्ही करून बघितलंय.

छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. त्यामुळे फक्त पुस्तकंच विकत असाल तर ॲमेझॉनवर विक्रेता म्हणून नोंदायलाही जीएसटी नंबर लागत नाही. पण तिथलं कमिशन, पाठवणीचा आकार आणि परत आलेल्या प्रती धरून गणित करा, २५० च्या पुस्तकात फार उरत नाही. मी तिथे ठेवलंय ते लोकांना शोधल्यावर सापडावं म्हणून.

छापून झाल्यावर पहिले तीस दिवस

१९५४ चा एक कायदा आहे, पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने प्रती ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. स्वतः काढलं म्हणजे प्रकाशक तुम्हीच, तेव्हा हे तुमच्यावर आलं. मला हे ओझं वाटत नाही. माझ्या शाळेबद्दलचं पुस्तक कोलकात्याच्या त्या इमारतीत आहे, मी नसेन तेव्हाही असेल, त्या पोचपावत्या मी जपून ठेवल्यात.

प्रकाशन समारंभ करा पण त्यात पुस्तकाच्या छपाईएवढा पैसा घालू नका. हॉल, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा प्रवास, चहा-नाश्ता करता करता पंधरा-वीस हजार सहज जातात. मी शाळेच्या व्हरांड्यात केला, पाहुणे म्हणून माझेच जुने विद्यार्थी, आणि दारात टेबल टाकून क्यूआर कोड लावला. त्या दिवशी ७४ प्रती गेल्या. टेबलावर घरचं माणूस बसवू नका, घरचे लोक पैसे मागायला लाजतात.

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांना आणि मासिकांना अभिप्रायासाठी प्रती पाठवताना आधी विचारा कुणाच्या नावाने पाठवू. पाठवलेल्या सगळ्यांवर लिहून येत नाही, मी बारा पाठवल्या, दोन ठिकाणी आलं. एका छोट्या जिल्हा दैनिकात आलेल्या परिचयामुळे जास्त फोन आले, हे लक्षात ठेवा.

विक्री

टपालासाठी आता ज्ञान पोस्ट आहे, १ मे २०२५ पासून सुरू झालंय. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १००, वर कर. माझं १६० पानी पुस्तक वेष्टनासकट ३०० च्या आत बसतं. ट्रॅकिंग मिळतं, जातं मात्र जमिनीमार्गे म्हणून वेळ लागतो, वाचकाला आधी सांगून ठेवा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव असावं लागतं, आत जाहिरातीचे कागद घालू नका. काउंटरवरच्या माणसाला कधी माहीत नसतं, शांतपणे नाव सांगा, दुसऱ्या वेळेपासून तेच ओळखतात.

ग्रंथालयं हा आपल्याकडचा फार मोठा आधार आहे. महाराष्ट्रात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आणि हजारो अनुदानित सार्वजनिक वाचनालयं, अ, ब, क, ड वर्गाची. त्यांना अनुदानातला ठरावीक भाग पुस्तकांवर खर्च करावा लागतो. ग्रंथालय संचालनालयाची शासनमान्य ग्रंथांची यादी असते, त्यासाठी पुस्तक पाठवा. आणि यादीची वाट न बघता जवळच्या वाचनालयांत स्वतः जा, छापील बिलबुक घेऊन जा, कारण साध्या कागदावरचं बिल त्यांच्या ऑडिटला चालत नाही. अनुदान हप्त्याने येतं त्यामुळे पैसे उशिरा मिळतात, त्याचा राग धरू नका, ग्रंथपालाचा पगारच किती असतो हे मी बघितलंय. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाची तारीख त्यांच्याकडूनच कळते.

दुकानांत पुस्तक विक्रीपश्चात पैसे या बोलीवर ठेवतात. पाच-पाच प्रतींच्या वर देऊ नका, प्रती दिल्याच्या चलनावर (पोच कागदावर) सही-शिक्का घ्या, दर तीन महिन्यांनी फोन करा. माझ्या एका दुकानातल्या दहा प्रतींचा अजून पत्ता नाही कारण मी चलनच घेतलं नव्हतं.

साहित्य संमेलनात स्टॉल एकट्याने घेणं परवडत नाही. चार-पाच लेखकांनी मिळून घ्या, आळीपाळीने बसा. संमेलनात आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणाऱ्या पुणे पुस्तक महोत्सवात गर्दी होते ती खरंच पुस्तकं घेणारी असते. एकमेकांची पुस्तकं वाचून ठेवा, म्हणजे शेजारच्या लेखिकेचं पुस्तक तुम्ही मनापासून विकू शकता. माझ्या तेवीस प्रती अशा दुसरीने विकल्यात.

पुरस्कारांसाठी राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ यांचेही वार्षिक पुरस्कार असतात. जे "निवड झाली" म्हणून कळवतात आणि मग प्रवेशशुल्क, ट्रॉफीचे पैसे, सभागृहाचा वाटा मागतात, त्यांना नाही म्हणा. आपल्यातले खूप जण भावनेपोटी देतात.

ई-बुक

किंडलवर २०१६ पासून मराठी चालतं. फाइल युनिकोडच लागते, बघा परत तेच. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत जावं लागतं आणि तेव्हा ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही, नाहीतर ३५ टक्के. पुण्याच्या बुकगंगावरही छापील आणि ई-बुक दोन्ही विकता येतं आणि मराठी वाचक तिथे मुद्दाम मराठीच शोधायला येतो. परदेशातल्या मराठी वाचकांना मी ई-बुकच सांगते, अमेरिकेला छापील प्रत पाठवायचं टपाल पुस्तकाच्या किमतीला मागे टाकतं. ओळखीच्यांना पीडीएफ कधीच पाठवू नका. एक पीडीएफ एका ग्रुपवर गेली की संपलं, परत आणता येत नाही.

दुसऱ्यांदा छापताना

तीस-चाळीस प्रती उरल्या की ठरवायचं. एक प्रत "चुकांची प्रत" म्हणून बाजूला ठेवा, वाचकांनी कळवलेली प्रत्येक चूक त्यात पेन्सिलीने करा, कळवणाऱ्याचं नाव समासात लिहा. तसंच्या तसं छापलं तर ते पुनर्मुद्रण, आयएसबीएन तोच. मजकुरात मोठी भर किंवा बदल केला तर ती नवी आवृत्ती आणि नवा नंबर. फाइलच्या नावात तारीख घाला, नाहीतर प्रेसला जुनीच जाते.

पहिल्या पुस्तकाचं मी आता तेच करतेय. त्या कराराची मुदत यंदा मार्चमध्ये संपली, हक्क परत आल्याचं पत्र मागून घेतलं, सगळा मजकूर पुन्हा टाइप केला, नवीन आयएसबीएन माझ्या नावाने आलाय आणि १५० प्रतींचं कोटेशन समोर आहे. काल डमी आली. पान ४१ आधी उघडलं.